भाडेकरू घरात आणि सांभाळणारा बदलायचा

आपल्या इंदूरच्या मंडळींपैकी बऱ्याच जणांचं पुण्या-मुंबईकडे एखादं घर असतं, म्हणून हा अनुभव लिहितेय.

वडिलांचा कोथरूडचा फ्लॅट माझ्या वाट्याला आला. सात वर्षं एक एजंट तो सांभाळत होता. भाडं त्याच्या खात्यात जायचं, कमिशन वजा होऊन मला मिळायचं. कटकट नाही, म्हणून मीही खूश! गेल्या पावसाळ्यात भाडेकरू मुलीचा पहिल्यांदाच फोन आला. "काकू, बाथरूमची गळती मार्चपासून सांगतेय. तुम्हाला कळलं नाही का?" नव्हतंच कळलं. उलट मे महिन्यात प्लंबरचे म्हणून साडेचार हजार माझ्या भाड्यातून कापले गेले होते.

ओळखीतून दुसरा माणूस नेमला आणि निश्चिंत झाले. इथेच चुकले. त्यानं मुलीला फोन करून "आता भाडं माझ्याकडे द्या" म्हटलं. तिनं साफ नकार दिला. बरोबरच होतं तिचं, उद्या कुणीही उठून खातेक्रमांक पाठवील! त्यात जुन्यानं तिला सांगून ठेवलेलं, की मालकीणबाई घर रिकामं करून घेणार. मूल बालवाडीत, नवरा फिरतीवर. बिचारी दोन दिवस दुसरं घर शोधत हिंडली. तिला पहिला फोन मी करायला हवा होता.

रात्रीच्या बसनं पुणं गाठलं. तिच्या स्वयंपाकघरात बसून करार वाचला. करार माझा आणि तिचा, एजंटाची सही फक्त माझ्या वतीनं. म्हणजे तो गेला तरी भाडं तेच, मुदत तीच. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नशिबानं आमचा नोंदलेला होता. डिपॉझिटचे साठ हजार मात्र एजंटाकडे अडकलेले. "तो देवो न देवो, तुझे पैसे मी परत करणार," असं सहीनिशी लिहून दिलं, तेव्हा कुठे तिनं चहाचं आधण ठेवलं.

एजंटाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र नोंदणीकृत होतं, म्हणून ते रद्द केल्याचा दस्तही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवला. त्याची प्रत एजंटाला आणि सोसायटीला दिली. किल्ल्या मिळाल्या. डिपॉझिटपैकी बेचाळीस हजार दोन महिन्यांनी आले, बाकीच्यांसाठी अजून मागे लागलेय.

आता भाडं थेट माझ्या खात्यात येतं, नव्या माणसाचा मेहनताना मी वेगळा देते. आणि गळती? ती वरच्या मजल्यावरून होती, आमच्या बाथरूमला प्लंबरची गरजच नव्हती.