ग्राफिक्स कार्ड घ्यायला लॅमिंग्टन रोडला निघालात? आधी घरचा सीपीयू उघडा

कॉम्प्युटरवर गेम अडकत चालतो म्हणून गावाकडची पोरं ग्राफिक्स कार्डासाठी मुंबई गाठतात. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा त्याचा जुना बाजार. पण भाव विचारण्याआधी घरचा सीपीयू उघडून पाहावा. नाहीतर कार्डाचे पैसे आणि गाडीभाडं, दोन्ही वाया.

सीपीयूच्या आत वीज पुरवणारी पेटी असते, तिला एसएमपीएस म्हणतात. तिच्या लेबलवर वॅट लिहिलेले असतात. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यापुढं एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. ऑफिसातून निघालेल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये ती बहुधा नसतेच. अशांसाठी ४ जीबीचं जीटीएक्स १६५० बरं, ते ७५ वॅटवर चालतं. मात्र वायर न लागणारंच मॉडेल मागावं. आरएक्स ५८० सेकंडहँड स्वस्त दिसतं, पण १८५ वॅट खातं. कॅबिनेट चपटं असेल तर कमी उंचीचं कार्डच बसतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं विक्रीला आली. म्हणून जुनं कार्ड दुकानातच गेम चालवून बघावं. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर नाव बदलून विकलेलं कार्ड ओळखायला मदत करतं. बिल पक्कं घ्यावं, वॉरंटी त्यावर लिहून घ्यावी.

निघताना एसएमपीएसचं लेबल, स्लॉट आणि कॅबिनेटचे फोटो मोबाईलमध्ये असू द्या. दुकानदाराला आधी तेच दाखवा.