सोयाबीन: मोंढ्यातला माल की घरचं बियाणं?

सोयाबीनचा दाणा मोंढ्यात गेला की शेतमाल ठरतो आणि जूनमध्ये पाभरीतून पडला की बियाणं. दोन्ही वेळा तो एकाच शिवारातला असू शकतो, हे आपण विसरत चाललो आहोत. कपाशीचं उदाहरण इथे लागू पडत नाही. संकरित कपाशीची सरकी पुन्हा पेरली तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात, म्हणून पाकीट दरवर्षी घ्यावंच लागतं. सोयाबीनचं परागीभवन मात्र त्याच फुलात होतं. जेएस ३३५ किंवा फुले संगमसारखा सरळ वाण भेसळ होऊ दिली नाही तर पुढच्या वर्षीही तसाच येतो. प्रमाणित बियाणं एकदा आणलं की त्याचं उत्पन्न दोन-तीन वर्षं पेरता येतं, असं कृषी विभागच सांगतो. तरीही दर हंगामाला नवी बॅग घ्यायची सवय लागली आहे, आणि ती खर्चाची आहे.

घरचं बियाणं उगवत नाही, हा आक्षेप खोटा नाही. सोयाबीनची साल पातळ, अंकुर सालीच्या अगदी खाली. मळणीयंत्राचा वेग जास्त असला किंवा पोतं उंचावरून आदळलं तरी तो दुखावतो. पण हा धोका विकतच्या बॅगेलाही आहे. २०२० च्या खरिपात न उगवलेल्या बियाण्याच्या तक्रारींचा राज्यात पाऊस पडला, त्या विकतच्याच बियाण्याच्या होत्या. उपाय दोन्हीकडे एकच: ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवडाभराने निरोगी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर नेहमीच्या मात्रेने पेरावं. थोडे कमी असतील तर मात्रा वाढवावी. फारच कमी असतील तर तो दाणा मोंढ्यातच बरा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळ्यांनी घरचंच पेरलं तर नवे वाण कोण काढणार? पैदासकाराचे श्रम खरे आहेत, आणि २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने त्यांना हक्क दिलेही. त्याच कायद्याच्या कलम ३९ ने संरक्षित वाणाचंही बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला. मनाई आहे ती ब्रँड लावून विकण्याला. गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर भरलेले दावे पेप्सिकोने २०१९ मध्ये मागे घेतले, तेव्हाही शेतकऱ्यांच्या बाजूने याच कलमाचा आधार घेतला गेला. शिवाय सोयाबीनचे बरेच वाण सार्वजनिक पैशातून, राहुरी-परभणीच्या विद्यापीठांत तयार झाले आहेत. त्यांच्या पैदासकारांना पोसायचं तर विद्यापीठांचं अनुदान वाढवावं. त्यासाठी शेतकऱ्याने दर जूनला बॅग घेण्याची गरज नाही.