ठिकाणं कमी, मुक्काम जास्त : दक्षिणेची सहल गटानं कशी आखावी

भांगलण, धारा, पोरांची शाळा आणि गटाची बैठक यातून जरा डोकं वर काढू या. आज आपल्याला लांब जायचंय, थेट तामिळनाडूत. आमचा गट तिथं दोनदा जाऊन आला. पहिल्यांदा फसलो, दुसऱ्यांदा जमलं. दोन्ही वेळा काय झालं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला एकदाच जाऊन भागेल.

पहिली सहल आम्ही एका टूरवाल्याकडून घेतली होती. सात दिवसांत नऊ ठिकाणं, असा त्याचा कागद होता. कागद वाचून आम्ही खूश झालो. एवढ्या पैशात एवढं बघायला मिळतंय म्हणून. पण दिवसातले नऊ-दहा तास आम्ही गाडीतच बसून होतो. मदुराईला पोचलो तेव्हा दुपारचा पाऊण वाजला होता. मीनाक्षीचं देऊळ साडेबाराला बंद झालेलं, उघडणार चार वाजता. ड्रायव्हर म्हणाला, थांबता येणार नाही, संध्याकाळच्या आत कन्याकुमारी गाठायचीय.

आमच्या गटात एक आजी आहेत. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखतात. अंडी विकून त्यांनी दोन वर्षं पैसे साठवले होते, ते मीनाक्षीसाठीच. आजींनी बाहेरूनच गोपुराला हात जोडले आणि गाडीत येऊन बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. परत आल्यावर आम्ही ठरवलं, पुन्हा जायचं, पण बेत आपण आखायचा, आणि आजींच्या पायानं आखायचा.

आधी नकाशा

शाळेच्या मास्तरांकडून नकाशा आणला आणि बैठकीत मधोमध पसरला. तेव्हा पहिली गोष्ट कळली. उटी आणि कोडाईकनाल ही दोन्ही थंड हवेची ठिकाणं म्हणून एका दमात नावं घेतली जातात, पण ती वेगवेगळ्या डोंगरांवर आहेत. उटी निलगिरीत, कोडाई पळणीच्या डोंगरात. एकावरून दुसऱ्यावर जायचं तर आधी घाट उतरायचा, मैदान ओलांडायचं आणि पुन्हा घाट चढायचा. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि घाटात गाडी पळत नाही. म्हणजे अख्खा दिवस गेला.

दुसरी गोष्ट देवळांच्या वेळेची. आपल्याकडे पंढरपूर-तुळजापूरला दिवसभर रांग चालू असते. तिकडं बहुतेक मोठ्या देवळांत दुपारी देवाची विश्रांती असते. बारा-एकच्या सुमारास दार लागतं, ते तीन-चारला उघडतं. म्हणून आम्ही नियम केला : सकाळ-संध्याकाळ देऊळ, दुपारी प्रवास. पहिल्या सहलीत नेमकं याच्या उलट झालं होतं.

मग उटी काढली, कन्याकुमारी काढली. हळहळ वाटली. उटीची ती दातेरी रुळावरची डोंगरगाडी, जिला २००५ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, ती बघायची राहिली. पण सगळं एका खेपेत कोंबलं की काहीच पदरात पडत नाही. राहिलं ते असं : तंजावर एक रात्र, रामेश्वर एक रात्र, मदुराई दोन रात्री, वाटेत पळणी, आणि कोडाईकनाल दोन रात्री. रेल्वेचे दिवस धरून दहा दिवस.

पैसा आणि हंगाम

सहलीसाठी गटातून कर्ज घ्यायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. गटाचं कर्ज शेळी घ्यायला, बी-बियाण्याला, दवाखान्याला. सहलीचं पुस्तक वेगळं काढलं. महिन्याला ५०० रुपये, २४ महिने, म्हणजे एकीचे १२,००० रुपये झाले. त्यातले दर बाईमागे १,२०० आजारपणासाठी राखून ठेवले. आम्ही १८ जणी, म्हणजे २१,६०० रुपये वेगळे. ते एकीच्या पिशवीत न ठेवता तिघींकडे वाटून दिले. उरले ते परत आल्यावर ज्याचे त्याला दिले.

हंगामाचंही ऐका. आपल्याकडं दिवाळीनंतर सहली निघतात. पण तामिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर हाच मोठा पावसाचा काळ. आपला पाऊस संपतो तेव्हा तिकडं परतीच्या वाऱ्याचा पाऊस सुरू होतो, आणि त्याच वेळी समुद्रात वादळंही उठतात. जानेवारीच्या मध्यात पोंगल असतो, तेव्हा गाड्या भरलेल्या. पुढं पौर्णिमेच्या सुमारास पळणीला तैपूसमची यात्रा, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. म्हणून आम्ही तूर निघाल्यावर आणि ज्वारी काढणीला यायच्या आत, ती पौर्णिमा टाळून गेलो.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. ज्येष्ठांना भाड्यात मिळणारी सवलत २०२० पासून बंद आहे, त्यामुळं तो हिशेब धरू नका. पण खालच्या बर्थचा कोटा आहे. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना तो मिळतो, मात्र एका तिकिटावर एकटी किंवा दोघीच असाव्या लागतात. आम्ही थोरल्या बायकांची तिकिटं दोघी-दोघींची काढली. आजींना खालचा बर्थ मिळाला, गुडघ्यांची निम्मी काळजी तिथंच मिटली.

तंजावर : भिंतीवरची नावं

सोलापूरहून चेन्नई, तिथून रात्रीच्या गाडीनं तंजावर. इथलं बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळ राजानं बांधलं, ते १०१० साली पुरं झालं. शिखर साधारण साठ-पासष्ट मीटर उंच, सगळं दगडी. पण आम्ही थबकलो ते भिंतीपाशी. देवळाच्या सेवेतल्या चारशे नर्तिकांची नावं तिथं कोरलेली आहेत. कुठल्या देवळातून आली, कुठल्या ओळीतलं कितवं घर तिला दिलं, धान्याचा वाटा किती, सगळं दगडावर. आपलं हजेरीपत्रक असतं तसंच.

आजींनी विचारलं, "हजार वर्षांमागं बाईचं नाव घरासकट दगडावर लिहिलं. आपल्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर हाय?" आम्ही मोजलं. अठरा जणींत चौघी निघाल्या. तो विषय आम्ही परत आल्यावर बैठकीत घेतला, अजून चालू आहे.

त्याच देवळाच्या आवारात मराठीही आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावरला मराठ्यांचं राज्य उभं केलं. त्या घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. जवळच त्यांच्या नावाशी जोडलेलं सरस्वती महाल ग्रंथालय आहे, तिथं मराठी हस्तलिखितं जपून ठेवली आहेत. घरात मराठी बोलणारी कुटुंबं आजही त्या भागात आहेत.

रामेश्वर : ओल्या लुगड्याची गोष्ट

रामेश्वर बेटावर आहे. समुद्रावरच्या पांबनच्या पुलावरून जायचं. रेल्वेचा जुना पूल १९१४ चा होता, आता शेजारी नवा पूल २०२५ साली सुरू झाला. जहाज आलं की त्याचा मधला भाग सरळ वर उचलला जातो.

आधी समुद्रात, मग देवळातल्या २२ तीर्थांवर स्नान, अशी इथली रीत. तीर्थं म्हणजे विहिरीच. माणसं पोहऱ्यानं पाणी काढून अंगावर ओततात आणि आपण एका विहिरीवरून दुसरीकडं जायचं. फरशी कायम ओली, पाय घसरतो. आम्ही दोघी-दोघींनी हात धरून चाललो. गडद रंगाचं, जाडसर लुगडं नेसा, पदराला पिन लावा. गाभाऱ्यात ओल्या कपड्यानं जाता येत नाही, म्हणून कोरडं लुगडं जवळ हवं. ज्यांना २२ विहिरी झेपत नाहीत त्यांनी नुसतं दर्शन घ्यावं. आजींनी तसंच केलं.

मदुराई : दोन रात्री कशासाठी

मदुराईला दोन रात्री ठेवल्या त्या दार बंद मिळालं तरी पुन्हा जाता यावं म्हणून. देवळात मोबाईल नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो. चारी बाजूंना उंच गोपुरं, दारं सारखीच दिसतात. एका दारानं आत गेलात आणि दुसऱ्यानं बाहेर आलात, की चपला राहिल्या पलीकडं आणि उन्हात दगड तापलेला. म्हणून आत जाण्याआधी ठरवा : भेटायचं कुठं, किती वाजता. आम्ही लॉजच्या माणसाकडून लॉजचं नाव-पत्ता तामिळमध्ये लिहून घेतला होता. अठरा चिठ्ठ्या, एकेकीच्या बटव्यात. आमच्यातली एक जण खरंच चुकली. तिनं चिठ्ठी रिक्षावाल्याला दाखवली आणि आमच्या आधी लॉजवर पोचली.

इथं मान मीनाक्षीचा. ती या नगरीची राणी. दर्शन आधी तिचं, मग सुंदरेश्वर महादेवाचं. रात्री देऊळ मिटायच्या आधी महादेवाला पालखीतून तिच्या महालात नेतात. रोज तोच जातो तिच्याकडं. आमच्या बायका यावर बरंच हसल्या.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या देवळात पूर्वी दलितांना प्रवेश नव्हता. ८ जुलै १९३९ रोजी वैद्यनाथ अय्यर दलित बांधवांना आणि नाडार समाजातल्या माणसांना सोबत घेऊन आत गेले. आपल्याकडं पंढरपूरचं दार उघडावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केलं, त्याच्या आठ वर्षं आधीची ही गोष्ट. आमच्या गटात सगळ्या आळ्यांतल्या बायका आहेत. त्या रांगेत आम्ही एकत्र उभ्या होतो, तेव्हा ती रांग कोणी मिळवून दिली हे माहीत असलेलं बरं.

आजींना सकाळी साडेसहाला दर्शन झालं. संध्याकाळी पुन्हा जायचं म्हणाल्या. सोनकमळाच्या तळ्याच्या पायरीवर रात्रीच्या पालखीपर्यंत बसून राहिल्या. कोणी "चला, गाडी सुटंल" म्हणायला नव्हतं.

पळणी आणि कोडाई

मदुराईहून पळणी सुमारे १२० किलोमीटर. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी. टेकडीवर जायला ६९३ पायऱ्या. ज्यांना जमत नाही त्यांना रोपवे आहे आणि रुळावरून ओढली जाणारी विंच गाडीही आहे. रोपवे अधूनमधून देखभालीसाठी बंद असतो, आधी चौकशी करा. इथला पंचामृताचा प्रसाद केळी, गूळ, तूप, मध, वेलदोडे यांचा असतो. त्याला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गटानं पदार्थ करून विकणाऱ्यांनी तो डबा नीट बघावा : नाव, वजन, तारीख, सगळं छापलेलं.

तिथून कोडाईचा घाट. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंच, कोडाई २,१०० च्या आसपास. घाटात उलट्या होणाऱ्या बायकांनी उपाशीही राहू नये आणि पोटभरही जेवू नये. पुढच्या सीटवर बसावं, लांबवर बघावं. गोळी घ्यायची तर आपल्या डॉक्टरला विचारून घ्यावी. रात्री थंडी कडक असते, स्वेटर, कानपट्टी, मोजे हवेत. खासगी गाडी केली तर तिला वर जायला ई-पास लागतो. २०२४ पासूनचा नियम आहे. ड्रायव्हरनं तो काढलाय का, हे निघण्याआधीच विचारा. सरकारी बसच्या प्रवाशांना तो लागत नाही. पाण्याच्या लहान प्लॅस्टिक बाटल्यांना वर बंदी आहे, स्टीलची बाटली न्या.

कोडाईत आम्ही एकच दिवस फिरलो. तळं बघितलं, ते १८६३ साली बांधून घेतलेलं आहे. बारा वर्षांनी एकदा फुलणारी कुरिंजी आता २०३० ला फुलेल. दुसऱ्या दिवशी काहीच केलं नाही. ऊन खात बसलो, गप्पा मारल्या. एक जण म्हणाली, लग्नाला बावीस वर्षं झाली, सकाळी उठल्यावर चूल न पेटवलेला हा पहिला दिवस.

बोलणं आणि खाणं

हिंदी सगळीकडं चालत नाही. पण थोरल्या बहिणीला तिकडंही अक्काच म्हणतात. अक्का म्हणून हाक मारली की बाई थांबते. पाण्याला तण्णी, पुरे म्हणायला पोदुम, कितीला म्हणायला एव्वळवु. एवढ्यावर आमचं भागलं. जेवण भाताचं, त्यामुळं साखरेचा आजार असलेल्यांनी जपून. आम्ही कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती शेवटपर्यंत पुरली.

तर मैत्रिणींनो, सहलीचा कागद हातात आला की ठिकाणं मोजू नका. तीन प्रश्न विचारा. गाडीत किती तास? मुक्कामाच्या रात्री किती? आणि आपल्यातल्या सगळ्यात थकलेल्या बाईला हे झेपेल का? तिला झेपेल असा बेत सगळ्यांनाच सुखाचा होतो. पुढच्या बैठकीत हा विषय काढा. महिना ५०० नाही जमले तर २०० ठेवा, वर्षं जास्त लागतील. पण पुस्तक वेगळं ठेवा, आणि नकाशा स्वतः बघा.