नव्या गाण्याची ओळख कोण करून देणार?

सप्टेंबर १९७८ मधील एक रात्र. बीबीसीच्या 'रेडिओ वन'वर एका निवेदकाने उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरातल्या पाच तरुणांचे जेमतेम अडीच मिनिटांचे गाणे लावले. बँडचे नाव 'अंडरटोन्स', गाण्याचे नाव 'टीनएज किक्स'. ध्वनिमुद्रिका काढली होती बेलफास्टमधील रेकॉर्डच्या एका दुकानातून चालणाऱ्या 'गुड व्हायब्रेशन्स' या इवल्याशा कंपनीने. गाणे संपले आणि निवेदकाने तेच गाणे पुन्हा एकदा पहिल्यापासून लावले. राष्ट्रीय नभोवाणीवर असे सहसा कोणी करीत नाही. थोड्याच आठवड्यांत 'साइअर' या अमेरिकी कंपनीने त्या पोरांशी करार केला.

या निवेदकाचे नाव जॉन पील. १९६७ मध्ये 'रेडिओ वन' सुरू झाले तेव्हापासून ऑक्टोबर २००४ मध्ये पेरू देशात त्याचे निधन होईपर्यंत, म्हणजे तब्बल ३७ वर्षे तो एकच काम करीत राहिला. अनोळखी कलावंतांची गाणी स्वत: ऐकायची आणि त्यातली आवडलेली लोकांना ऐकवायची, हेच ते काम. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात घरी येणाऱ्या टेप आणि रेकॉर्डच्या ढिगाऱ्यात रोज काही तास बसावे लागते, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टी सुमार असतात हे ठाऊक असूनही पुढची टेप त्याच उत्सुकतेने लावावी लागते. पीलच्या घरी साठलेल्या एलपींची संख्याच २५ हजारांच्या पुढे गेली होती.

आपल्याकडे 'बिनाका गीतमाला' ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला निवेदकाचे महत्त्व नव्याने सांगायला नको. अमीन सायानींचा तो मधाळ आवाज गाणे लोकप्रिय आहे हे सांगे, कितव्या पायदानावर आहे तेही सांगे. पीलचा मार्ग नेमका उलटा होता. जे गाणे कोणत्याच पायरीवर नाही त्याला तो दारातून आत घेई. दोन्ही कामे निवेदकाचीच, पण पहिल्या कामात लोकांची आवड मोजली जाते आणि दुसऱ्यात ती घडते.

पीलच्या कार्यक्रमातील 'सेशन' हा प्रकार जरा तपशिलाने पाहण्यासारखा आहे, कारण तो एका अडचणीतून जन्माला आला. ध्वनिमुद्रिका सारख्या वाजू लागल्या तर वादकांच्या पोटावर पाय येईल, या भीतीपोटी ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेने आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी बीबीसीवर बंधन घातले होते. दिवसाकाठी ठरावीक तासांपेक्षा अधिक वेळ रेकॉर्ड वाजवता येत नसे. या मोजून दिलेल्या वेळेला 'नीडल टाइम' म्हणत. उरलेला वेळ भरायचा तर वादकांना स्टुडिओत बोलावणे भागच होते. मग बँडला लंडनच्या मेडा वेल येथील स्टुडिओत एक दिवस मिळे. त्या एका दिवसात साधारण चार गाणी ध्वनिमुद्रित करायची, त्याचे मानधन घ्यायचे आणि घरी जायचे. ज्यांच्याकडे ध्वनिमुद्रिका काढण्याइतके पैसे नाहीत, कोणत्याही कंपनीचा पत्ता नाही, त्यांच्यासाठी हा दिवस म्हणजे पर्वणी होती. चांगली यंत्रे, अनुभवी तंत्रज्ञ आणि वर देशभरचा श्रोता. अशी चार हजारांवर सेशन्स झाली, दोन हजारांहून अधिक कलावंतांनी ती केली. नोकरशाहीने घातलेल्या बंधनातून एवढे मोठे भांडार उभे राहावे, हा योगायोग गमतीचाच म्हणायचा.

ऑक्टोबर १९८१ मध्ये शेफिल्ड येथे पीलचा एक कार्यक्रम होता. तेथे जार्विस कॉकर नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने आपल्या बँडची टेप त्याच्या हातात ठेवली. पुढच्याच महिन्यात त्या बँडचे सेशन झाले. बँडचे नाव 'पल्प'. मात्र 'कॉमन पीपल' या गाण्याने पल्पला खरी कीर्ती मिळाली ती १९९५ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनंतर! तेव्हा पीलने एखाद्याची ओळख करून दिली की त्याचे नशीब उघडलेच, असा समज करून घेण्याचे कारण नाही. सेशन केलेल्या दोन हजार कलावंतांपैकी बहुतेकांची नावे आज जाणकारांनाही आठवणार नाहीत. मधल्या काळात त्यांना टिकून राहण्याची उमेद मिळाली, इतकेच फार तर म्हणता येईल. पील केवळ गिटारवाल्यांचा होता असेही नाही. नव्वदच्या दशकात यंत्रांवर, संगणकांवर घडणारे इलेक्ट्रॉनिक संगीत मातब्बर समीक्षकांना खटखटाटासारखे वाटत होते, तेव्हा पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ 'एफेक्स ट्विन'ची सेशन्स प्रसारित करीत होता.

आता प्रश्न असा की, आज हे काम कोण करतो? 'ल्युमिनेट' या मोजणी करणाऱ्या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ मध्ये दररोज सरासरी एक लाखाहून अधिक नवी गाणी स्ट्रीमिंग सेवांवर चढत होती. ती सारी ऐकणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून हे काम यंत्राकडे सोपवले गेले. 'स्पॉटिफाय'ने जुलै २०१५ मध्ये 'डिस्कव्हर वीकली' सुरू केले. दर सोमवारी प्रत्येक श्रोत्यासाठी तीस गाण्यांची वेगळी यादी. ही यादी मुख्यत: एका साध्या तत्त्वावर चालते. तुम्हाला आवडणारी गाणी ज्यांनी आपल्या याद्यांत ठेवली आहेत, त्यांच्या याद्यांत आणखी काय आहे ते पाहायचे आणि तुम्ही न ऐकलेले तुमच्यापुढे ठेवायचे. वाण्याच्या दुकानात 'तुमच्या शेजारणीने हा मसाला नेला बरं का' असे सांगतात, त्याचीच ही विराट आवृत्ती.

यंत्राला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. पुण्यात बसलेल्या श्रोत्यापुढे आइसलँडमधला एखादा बँड आणून ठेवण्याचे काम ते लीलया करते. त्याची खरी अडचण निराळीच आहे. जे गाणे अद्याप कोणीच ऐकलेले नाही, त्याच्याविषयी 'ज्यांनी हे ऐकले त्यांनी तेही ऐकले' असे म्हणायला सामग्रीच नसते. ध्वनीचे पृथक्करण करून लय, पट्टी, वाद्यांचा पोत ओळखण्याची युक्ती यंत्रे करतात, पण त्यावरून गाणे कशासारखे आहे एवढेच कळते. जे कशासारखेच नाही, त्याचे काय? आणि नवे कलावंत आपल्याला हवे असतात ते नेमके त्यासाठीच.

या ठिकाणी कोलंबिया विद्यापीठातील मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा २००६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेला प्रयोग सांगितला पाहिजे. त्यांनी अप्रसिद्ध बँडची ४८ गाणी इंटरनेटवर मांडली आणि सुमारे १४ हजार लोकांना ती ऐकायला, गुण द्यायला आणि हवी असल्यास उतरवून घ्यायला सांगितली. काही श्रोत्यांना केवळ गाण्यांची व बँडची नावे दिसत. बाकीच्यांची विभागणी आठ स्वतंत्र 'जगां'त केली होती. प्रत्येक जगातल्या श्रोत्यांना आपल्या जगात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले तो आकडा दिसे, दुसऱ्या जगातला मात्र दिसत नसे. गाणी तीच, श्रोते सारख्याच प्रकारचे. सुरुवातीला सर्वांचे आकडे शून्य. तरी आठही जगांतल्या क्रमवाऱ्या भिन्न निघाल्या. '५२ मेट्रो' या बँडचे 'लॉकडाऊन' हे गाणे एका जगात पहिले आले आणि दुसऱ्यात चाळिसावे! अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी टाकाऊ सहसा वर आली नाहीत हे खरे, पण मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ काहीही घडू शकत होते. सुरुवातीच्या चार-दोन श्रोत्यांनी काय निवडले यावर पुढची रांग लागत गेली. जो आकडा आपण गुणवत्तेचा पुरावा समजतो त्यात किती भाग योगायोगाचा असतो, हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारा प्रयोग माझ्या पाहण्यात नाही.

आकड्याला आता पैशाचीही जोड मिळाली आहे. बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधनाच्या हिशेबात धरायचे नाही, असा नियम स्पॉटिफायने २०२४ पासून केला. अशा एकेका गाण्याची रक्कम चिल्लरच असते, हे कंपनीचे म्हणणे खोटे नाही. पण नव्या कलावंताचे पहिले वर्ष बहुधा त्या हजाराच्या अलीकडेच जाते.

आपल्या देशात स्वतंत्र रॉकची कथा या साऱ्याहून फार वेगळी नाही. मुंबईत १९८६ मध्ये 'इंडिपेन्डन्स रॉक' हा वार्षिक महोत्सव सुरू झाला. धोबी तलावच्या रंगभवनात हजारो तरुण जमत. इस्पितळांच्या व शाळांच्या शेजारामुळे हा परिसर शांतता क्षेत्रात मोडला आणि रंगभवनातले कार्यक्रम बंद पडले, तेव्हा अनेकांना आपला वाडाच गेल्यासारखे वाटले. त्या काळी परदेशी गाणी हुबेहूब वाजवणाऱ्या बँडला टाळ्या पडत. स्वत:चे गाणे सुरू झाले की श्रोते चहाला जात, असे म्हणणे फार अतिशयोक्तीचे होणार नाही. हे चित्र पालटण्यात अमित सैगल यांचा वाटा मोठा. त्यांनी १९९३ मध्ये अलाहाबादहून (आताचे प्रयागराज) 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे नियतकालिक काढले. मुंबई नाही, दिल्ली नाही, अलाहाबाद! त्याच्या पानांवरून एका शहरातल्या बँडला दुसऱ्या शहरातल्या बँडचा पत्ता लागू लागला. पुढे त्यांनी 'ग्रेट इंडियन रॉक' महोत्सव उभा केला आणि स्वरचित गाण्यांना व्यासपीठ दिले. जानेवारी २०१२ मध्ये गोव्यात त्यांचे अकाली निधन झाले. डिसेंबर २०१० मध्ये पुण्यात 'एनएच-सेव्हन वीकेन्डर' हा महोत्सव प्रथम भरला, तेव्हा पैसे मोजून भारतीय बँडची स्वत:ची गाणी ऐकायला लोक आले. त्यामागे ही सतरा-अठरा वर्षांची मशागत होती.

गाणी वाटण्याच्या तऱ्हाही आपल्याकडे कमी नाहीत. 'इंडियन ओशन'ने २०१० मध्ये '१६/३३० खजूर रोड' या संग्रहातील गाणी दरमहा एक याप्रमाणे इंटरनेटवर फुकट दिली. 'न्यूक्लिया' या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या उद्यन सागरने २०१५ मध्ये 'बास रानी' हा संग्रह विनामूल्य खुला केला, आणि त्याचा शुभारंभ केला मुंबईतल्या गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत. ज्या ठेक्यावर गल्लीतला ताशा आणि कर्णे थरारतात, त्याच ठेक्यातून उचललेले संगीत त्याच गर्दीत परत गेले. त्या कर्ण्यांच्या आवाजाविषयी प्रस्तुत लेखकाचे मत फारसे अनुकूल नाही, पण या शुभारंभामागची कल्पकता मान्य करावीच लागेल.

इंटरनेटवर ठेवले म्हणजे जपले गेले, हाही एक भ्रम आहे. २००३ मध्ये सुरू झालेले 'मायस्पेस' हे काही काळ जगभरच्या नव्या बँडचे हक्काचे घर होते. शेफिल्डच्याच 'आर्क्टिक मंकीज'ने कार्यक्रमांना येणाऱ्यांना आपल्या गाण्यांच्या सीडी फुकट वाटल्या, चाहत्यांनी त्या इंटरनेटवर पसरवल्या आणि जानेवारी २००६ मध्ये त्यांचा पहिला संग्रह आला तेव्हा ब्रिटनमध्ये एका आठवड्यात त्याच्या साडेतीन लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढे २०१९ मध्ये मायस्पेसने कबूल केले की, सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंतचे सारे संगीत नष्ट झाले. सुमारे पाच कोटी गाणी. त्यांत गाजलेल्यांची फारशी हानी झाली नसेल, त्यांच्या प्रती इतरत्र असतात. गेली ती ज्यांची दुसरी प्रत नव्हती त्यांची.

म्हणूनच ज्याला नवे ऐकायचे आहे त्याने आजही माणसांचा माग काढावा, हे बरे. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'बँडकॅम्प'वर एक सोय आहे. तेथे संग्रह विकत घेणाऱ्यांची ओळख त्या संग्रहाच्या पानावरच दिसते आणि त्यांनी आणखी काय विकत घेतले तेही पाहता येते. डिजिटल विक्रीतील १५ टक्के ही सेवा ठेवते, बाकीचे, पैसे वळते करण्याचा खर्च वजा जाता, कलावंताचे. २०२२ मध्ये एका कंपनीने आणि २०२३ मध्ये दुसरीने ती विकत घेतली आणि निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली, हेही लक्षात ठेवावे. आवडत्या बँडच्या कार्यक्रमाला वेळेआधी जाऊन त्यांच्या अगोदर वाजवणाऱ्यांना ऐकणे हा जुना उपायही अद्याप निकामी झालेला नाही. मुख्य बँडने त्यांना निवडलेले असते, आणि वादकांचे कान सहसा चांगले असतात.

शेवटी एक मुंबईची हकिगत. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेतली, त्यांतले एक 'टीबी-३०३', आणि दहा रागांची डिस्कोच्या ठेक्यावर मांडणी करून एचएमव्हीसाठी ध्वनिमुद्रिका केली. ती कोणी विचारली नाही. पाच वर्षांनी शिकागोत 'फ्यूचर' या चमूने त्याच टीबी-३०३ वर 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' केले आणि 'अ‍ॅसिड हाउस' या प्रकाराचा उगम म्हणून ते जगभर नोंदले गेले. २००२ मध्ये एडो बाऊमन या डच संग्राहकाला दिल्लीत एका दुकानात सिंग यांची जुनी तबकडी सापडली. ती ऐकून तो थक्क झाला, मुंबईत येऊन सिंग यांना भेटला आणि २०१० मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या छोट्या कंपनीतर्फे त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली. त्यानंतर सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपातल्या नृत्यमहोत्सवांत तरुणांपुढे ते राग वाजवू लागले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. पहिल्या प्रसिद्धीनंतर श्रोते मिळायला त्या तबकडीला अठ्ठावीस वर्षे लागली होती.