रात्रीची कॉफी आणि मुलांचा अभ्यास

कंधारच्या आपल्या वस्त्यांतली मुलं बारावीचा, नीटचा, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास रात्र रात्र जागून करतात. झोप येऊ नये म्हणून कॉफी, नाहीतर कडक चहा. आम्ही आईबापच मायेनं करून देतो. पण त्यानं मेंदूत काय होतं?

दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठतं आणि झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याची जागा अडवतं. थकवा जात नाही, नुसता जाणवत नाही. पाच-सहा तासांनीही सुमारे निम्मं कॅफिन अंगात उरतं. मग पडल्यावर झोप लागत नाही. आणि वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली. दीडशे मिलिलिटर इन्स्टंट कॉफीत ते ५० ते ६५ मिलिग्रॅम असतं, तेवढ्याच चहात ३० ते ६५.

म्हणून दुपारनंतर मुलांना कॉफी देऊ नका. रोजची सवय असेल तर हळूहळू कमी करा, एकदम सोडली की डोकं दुखतं. रात्री पुस्तक वेळेवर मिटू द्या आणि पहाटे उठवा. आपल्या लेकरांच्या शिक्षणाला जागरणापेक्षा झोपेचाच आधार मोठा आहे.