कुणाच्या गाडीला किती घोडे?

गोष्ट १९९१ सालची. मी तेव्हा सोलापुरात एका बँकेच्या शाखेत कर्जविभागाचा अधिकारी होतो. शाखेसमोर लिंबाखाली पत्र्याचे एक गॅरेज होते आणि ते चालवणारा मेकॅनिक होता अवघा बावीस वर्षांचा. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळायची. शाळा अर्धवट सोडून हा पोरगा पान्या-पकडींत रमला होता. दुरुस्त झालेली गाडी तो एक चक्कर मारून आणायचा आणि ती चक्कर बघायला आमचा निम्मा स्टाफ हातातला व्हाउचर तसाच ठेवून खिडकीशी जमायचा. कॅशियरसाहेब एकदा म्हणाले, "हा गाडी चालवत नाही, गाडीशी बोलतो."

एके दिवशी तो हात पुसत माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "साहेब, मद्रासला शर्यतीचा नवा ट्रॅक झालाय ओ. यामाहा घ्यायचीय. कर्ज द्या." मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर वर्षानुवर्षे शर्यती होत, आणि आता इरुंगट्टुकोट्टईला खास शर्यतीसाठी बांधलेला ट्रॅक आला होता. पोराला सगळे ठाऊक होते. मी पगाराचा दाखला मागितला. नव्हता. जामीनदार मागितला. वडिलांच्या मागाच्या मालकाने सही करायला नकार दिला होता. नियम सर्वांना सारखाच, असे म्हणून मी अर्ज परत केला. त्याच महिन्यात एका कापड व्यापाऱ्याच्या चिरंजिवांची यामाहा आरएक्स १०० आमच्याच शाखेच्या कर्जावर आली. कागदपत्रे चोख होती. दोन दिवसांत काम झाले.

पुढचे व्हायचे ते झाले. एका रविवारी पहाटे तुळजापूर नाक्यापासून हिप्परग्याच्या तलावापर्यंत दोघांची पैज लागली. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे, आणि बँकेच्या अधिकाऱ्याने तलावाच्या बंधाऱ्यावर उभे राहून ती पाहणे काही शोभेचे नव्हते. पण मी गेलो होतो. मेकॅनिककडे होती एका गिऱ्हाइकाची जुनी राजदूत. यामाहा आली, थांबली, चिरंजिवांनी केस विंचरले, तेव्हा कुठे राजदूतचा आवाज ऐकू आला. मग कुणीतरी म्हणाले, आता परतताना गाड्या बदला. बदलल्या. नाक्यावर मेकॅनिक पहिला पोहोचला, आणि तोही सकाळी हरला होता त्याहून मोठ्या अंतराने.

या दोन गाड्यांचा हिशेब मी पुढे मांडून पाहिला. राजदूतचे इंजिन १७३ सीसीचे, यामाहाचे ९८ सीसीचे. म्हणजे आकाराने राजदूत जवळजवळ पावणेदोन पट. पण ताकद? राजदूतची साधारण साडेसात अश्वशक्ती, यामाहाची अकरा. सीसी म्हणजे इंजिनाच्या पोटात किती मावते ते. त्यातून मिनिटाला किती वेळा काम करून घेता आणि श्वास किती मोकळा ठेवता, यावर ताकद ठरते. अश्वशक्ती हे माप जेम्स वॅटने अठराव्या शतकात आपली वाफेची यंत्रे खपवण्यासाठी प्रचारात आणले. गिरणीचा घोडा जेवढे काम करतो त्याच्या किती पट माझे यंत्र करते, हे गिऱ्हाइकाला पटवण्यासाठी. आज आपण वापरतो त्या मापात एका सेकंदात पंचाहत्तर किलो वजन एक मीटर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती.

गंमत अशी की ताकद दीडपट झाली म्हणून वेग दीडपट होत नाही. भरधाव गाडीची सगळी झुंज हवेशी असते. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. त्यामुळे साडेसात आणि अकरा यांतला फरक सरळ रस्त्यावरच्या कमाल वेगात जेमतेम तेरा-चौदा टक्क्यांचा उरतो. पण मैलामागून मैल हे तेरा टक्के साचत जातात, शिवाय प्रत्येक वळणानंतर उसळी घेताना हलकी गाडी आणि जादा ताकद आपला हिस्सा वेगळा वसूल करते. वळणावर कमावलेले सरळ रस्त्यावर गमवायचे, अशी कमी ताकदीवाल्याची गत होते.

जगातल्या सर्वांत मोठ्या मोटरसायकल शर्यतीतही हेच घडले. २००२ साली मोटोजीपीच्या नियमांनी ५०० सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्यांशेजारी ९९० सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या उभ्या केल्या. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा, म्हणून जवळजवळ दुप्पट आकाराची मुभा. कागदावर न्याय्य. प्रत्यक्षात त्या मोसमातल्या सोळाच्या सोळा शर्यती फोर-स्ट्रोकने जिंकल्या. ब्राझीलचा अलेक्स बॅरोस बहुतेक मोसम जुन्या ५०० वर झगडत होता. अखेरच्या चार शर्यतींसाठी त्याला नवी होंडा मिळाली. जपानमधल्या मोतेगीला त्या गाडीवरची पहिलीच शर्यत त्याने खुद्द व्हॅलेंटिनो रॉसीला मागे टाकून जिंकली, आणि मोसमाची अखेरची व्हॅलेन्सियाची शर्यतही. माणूस तोच, बदलले फक्त वाहन. मला हे वाचताना हिप्परग्याचा बंधारा आठवला.

यावर उपाय काय? एक, सर्वांना एकच यंत्र द्यायचे. मोटोजीपीच्या खालच्या मोटो-२ वर्गात २०१० पासून सर्वांना होंडाचे ६०० सीसीचे एकसारखे इंजिन मिळे, २०१९ पासून ट्रायम्फचे ७६५ सीसीचे मिळते. आपल्याकडेही कंपन्या एकाच मॉडेलच्या गाड्यांच्या शर्यती भरवतात.

दुसरा उपाय अधिक नाजूक. गाड्या वेगवेगळ्या राहू द्यायच्या, पण तराजूची पारडी सारखी करायची. २०१७ ते २०२५ या काळात सुपरस्पोर्ट ३०० नावाचा जागतिक वर्ग होता. त्यात ३२१ सीसीची यामाहा, ३९९ सीसीची कावासाकी आणि ३७३ सीसीची, एकाच सिलिंडरची केटीएम आरसी ३९० एकत्र धावत. या आरसी ३९० मॉडेलचा कारखाना आपल्या चाकणचा, हे किती जणांना ठाऊक असेल? प्रत्येक मॉडेलला इंजिनाचे मिनिटाला किती फेरे आणि गाडीचे किमान वजन किती, हे नियमाने बांधून दिलेले असे. त्या वर्गाचे २०१८ चे विजेतेपद स्पेनच्या आना करास्कोने कावासाकीवर अवघ्या एका गुणाने मिळवले. मोटरसायकलच्या एकेरी रोड रेसिंगमध्ये जगज्जेती ठरलेली ती पहिली स्त्री.

पण पारडी सारखी करता करता थांबायचे कुठे? जागतिक सुपरबाइक स्पर्धेत २०१९ साली अल्वारो बॉटिस्टाने नव्या डुकाटीवर पहिल्या अकराच्या अकरा शर्यती जिंकल्या. मोसम चालू असतानाच डुकाटीचे फेरे मिनिटाला अडीचशेने घटवण्यात आले. तरीही त्या वर्षीचे विजेतेपद शेवटी जोनाथन रियाने कावासाकीवर पटकावले, कारण बॉटिस्टा पुढे वारंवार पडला. पुढे २०२२ आणि २०२३ चे विजेतेपद बॉटिस्टाचे. मग बोट गेले त्याच्या अंगकाठीकडे. तो लहानखुरा, हलका. २०२४ पासून गाडी आणि स्वार यांचे एकत्रित किमान वजन ठरले आणि त्याच्या गाडीला जादा वजन बांधावे लागले. आता सांगा, हलके अंग हे कर्तृत्व की नशीब?

आपले गावकरी या प्रश्नाशी फार आधीपासून झुंजत आहेत. सांगोला, मंगळवेढ्याकडच्या खिलार बैलांच्या शर्यतीत आदत, दुसा, चौसा असे दातांवरून गट पाडतात. कोवळ्या खोंडाला पुऱ्या बैलासमोर उभे करीत नाहीत. पण एकाच गटातल्या दोन बैलांत जो चपळ तो चपळ. त्याच्या पायात कुणी धोंडा बांधत नाही. वय समान करायचे, चपळाई मोजायची. मला वाटते, सगळी मेख इथेच आहे. शर्यत सारख्या माणसांची नसतेच. कोणता फरक झाकायचा आणि कोणता उघडा पाडायचा, हे आधी ठरवावे लागते. नियम करणाऱ्याचे काम तेवढेच, आणि ते फार अवघड.

मी ते काम केले होते, तेही अंगात मुरलेल्या सवयीने. "नियम सर्वांना सारखाच" हे वाक्य नोकरीत मी हजारदा उच्चारले असेल. पण पगाराचा दाखला हा नियम कोणता फरक मोजत होता? त्या पोराचा हात, नजर, सचोटी यांपैकी काहीच नाही. त्याच्या बापाचा मालक सही करतो की नाही, एवढेच. समजा मी कर्ज दिले असते, तरी सोलापूर ते मद्रास रेल्वेने सव्वाआठशे किलोमीटरवर, आणि तिथल्या पोरांनी तो ट्रॅक रोज डोळ्यांखालून घातलेला. सारख्या गाडीवरही तो हरला असता, कदाचित.

परवा त्याच्या गॅरेजवर गेलो होतो. आता मोठी शेड आहे, चार पोरे हाताखाली आहेत, स्वतः पंचावन्नी ओलांडून चष्मा लावतो. स्टुलावर बसून चहा घेताना मी विचारलेच, "त्या कर्जाचा अजून राग आहे का हो?"

तो हसला. "राग कसला साहेब. तिथं जाऊन हरलो असतो तर वाईट वाटलं नसतं ओ. आपण कितवे हे तरी कळलं असतं. ते तेवढं राहिलं."

मी चहा संपवला. आत एक पोरगा कुणाच्या तरी गाडीचा ॲक्सिलरेटर पिळत होता. याने इथूनच ओरडून सांगितले, "अरे, आवाज नको ऐकू. चाक बघ, चाक."