बैठकीचे माप

शिंपी माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. चपलेच्या दुकानात पाय पुढे करावा लागतो. चष्मा करायचा तर दोन्ही डोळे वेगवेगळे तपासतात. सायकलच्या दुकानात मात्र गिऱ्हाइकाला रंग विचारतात. फार तर ‘बावीस इंची की चोवीस?’ एवढा प्रश्न होतो आणि त्याचे उत्तर बहुधा दुकानात काय शिल्लक आहे यावर ठरते. मग हवा भरली जाते, घंटी वाजवून पाहिली जाते, हँडलला हार पडतो. ज्या जागेवर माणूस पुढची दहा-पंधरा वर्षे बसणार, ती सीट कारखान्यातून आली तशीच राहते.

भांडुप आणि मुलुंड यांच्या मधल्या आमच्या नाहूरला रेल्वे स्टेशन मिळाले ते २००६ साली. त्याआधी गाडी पकडायची तर यातले एक गाव गाठावे लागे. भांडुपचे सिएट आणि एशियन पेंट्स, मुलुंडचे रिचर्डसन अँड क्रुडास अशा कारखान्यांची भोंग्यावर चालणारी ही वस्ती. पाळीवर जाणाऱ्यांत सायकलवाले पुष्कळ. त्या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांच्या जागी आज उंच इमारती आहेत. सायकल मात्र गेली नाही, तिचा धनी बदलला. पहाटे पेपरवाला, दूधवाला, पाववाला. सकाळी भोंगा वाजवत येणारा इडलीवाला. संध्याकाळी रात्रपाळीला निघालेला वॉचमन. आणि रविवारी गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यावर हेल्मेट घातलेली, स्कूटरच्या किमतीची सायकल चालवणारी तरुण मंडळी. दोघांच्या सायकलींत जमीन-अस्मानाचा फरक. दुखणे मात्र बरेचसे एकच, आणि दोघेही त्याबद्दल बोलत नाहीत, कारण जागाच अशी की सांगायची लाज वाटते.

ऐंशीच्या दशकात मी बँकेत कर्जाच्या टेबलावर होतो. चार टक्के व्याजाच्या योजनेत सायकलसाठी कर्ज मागणारे दूधवाले, पाववाले येत. अर्जात नाव, वय, उत्पन्न, जामीनदार, सगळ्याला रकाना होता. उंचीला नव्हता. हप्ता भरायला आलेल्या माणसाला ‘बसा’ म्हटले की ‘उभाच बरा, साहेब’ असे उत्तर काही जणांकडून हमखास यायचे. तो विनय नव्हता, हे त्यांच्या चालीवरून कळत असे.

शरीराची रचना पाहिली म्हणजे हे दुखणे समजते. खुर्चीवर ताठ बसून तळहात खाली सरकवले तर दोन टणक टोके हाताला लागतात. ही बैठकीची हाडे. वजन पेलण्यासाठी निसर्गाने दिलेली जागा ती. त्या दोहोंच्या मधला भाग मऊ असतो आणि जननेंद्रियांकडे जाणाऱ्या नसा व रक्तवाहिन्या तिथून जातात. सीटने वजन हाडांवर घ्यावे आणि मधल्या भागाला मोकळे सोडावे, एवढीच चांगल्या सीटची व्याख्या. सीट फार अरुंद असली तर हाडे तिच्या कडांबाहेर लोंबतात आणि सगळा भार मधल्या मऊ भागावर येतो. मग आधी मुंग्या, नंतर बधिरपणा. सीट फार रुंद असली तर मांड्या घासतात, घामाने कातडी सोलवटते, गळवे येतात.

यावर आपला घरगुती उपाय म्हणजे मऊ कव्हर. फोमचे, जेलचे, नाही तर जुन्या टॉवेलची घडी. मराठीत ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी भरणीसाठी वापरतात, तो इथे अक्षरशः लागू पडतो. मऊ गादीत हाडे खोल रुततात आणि दबलेली गादी मधून वर येते; म्हणजे जो भाग मोकळा हवा, त्यालाच ती रेटते. दुकानात अंगठ्याने दाबून ‘छान मऊ आहे’ म्हणून घेतलेली सीट पहिल्या दहा मिनिटांत सुख देते आणि तासाभराने त्याची वसुली करते.

डॉक्टरांचे लक्ष या प्रश्नाकडे वळून शंभरावर वर्षे झाली. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत बायका सायकलवर बसू लागल्या, तेव्हा सीटवरून मोठा गदारोळ झाला आणि मधला भाग मोकळा ठेवणाऱ्या ‘आरोग्यदायी’ सीटा बाजारात आल्या. पुरुषांच्या दुखण्याची चर्चा उघडपणे व्हायला मात्र १९९७ साल उजाडले. अमेरिकेतले मूत्रविकारतज्ज्ञ आयर्विन गोल्डस्टीन यांनी सायकलची सीट पुरुषाच्या लैंगिक क्षमतेला घातक ठरू शकते असे म्हटले आणि सायकलवाले हादरले. पुढे अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने बिननाकाची, म्हणजे पुढचे टोक नसलेली सीट दिली. २००८ साली निष्कर्ष आले. आधी बधिरपणा येत नाही असे सांगणारे शेकडा २७ होते; सहा महिन्यांनंतर ते ८२ झाले. हे पोलीस हौशी नव्हते. दूधवाल्यासारखे रोज, पोटासाठी सायकलवर बसणारे होते, म्हणून हा अभ्यास आपल्या कामाचा.

याचा अर्थ सायकल टाकून द्यावी असा नव्हे. कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी २०१८ साली दोन हजारांहून अधिक सायकलस्वारांची पोहणाऱ्यांशी आणि धावणाऱ्यांशी तुलना केली. लैंगिक आरोग्यात सायकलवाले मागे पडलेले दिसले नाहीत. जे अधूनमधून सीटवरून उठून, उभे राहून पॅडल मारतात आणि ज्यांचे हँडल सीटच्या बरोबरीने किंवा वर असते, त्यांना बधिरपणा कमी येतो, असेही दिसले. हृदयाला, साखरेला, वजनाला सायकलचा जो फायदा आहे तो कायम आहे.

आता कोणी म्हणेल, आमच्या आजोबांनी कुठे मापे घेतली? खरे आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले आणि त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. पण त्या काळच्या चांगल्या सायकलची सीट ताणलेल्या जाड चामड्याची असे. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स यांनी १८८२ साली तिचे पेटंट घेतले. चामडे वापराने बसणाऱ्याच्या हाडांनुसार खोलगट होत जाई. सीटच माणसाचे माप घेई. शिवाय जुन्या काळ्या सायकलचे हँडल उंच, बसणे ताठ, म्हणून रुंद स्प्रिंगची सीट तिला शोभत असे. आजच्या सरळ, खाली झुकलेल्या हँडलच्या सायकलवर माणूस पुढे वाकतो, कंबर पुढे कलते आणि भार हाडांवरून घसरून मऊ भागावर जातो. जुन्या सायकलची सीट नव्या सायकलवर, किंवा नव्याची जुन्यावर, चालत नाही ती यामुळे.

रुंदीइतकाच महत्त्वाचा भाग उंचीचा. आपल्याकडे बहुतेक सीटा खाली असतात. सीट खाली असली की प्रत्येक फेरीत गुडघा नको इतका दुमडतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखू लागते. पाय भार घेत नाहीत, तोही बैठकीवर येतो. सीट फार वर असली तर कंबर डावी-उजवीकडे डोलते, कातडी घासते, गुडघ्यामागे ओढ बसते. मग लोक ती खाली का ठेवतात? अडाणीपणाने नव्हे. कॅरिअरवर दुधाचे क्रेट, पुढे सिग्नल, बाजूला बेस्टची बस. अशा वेळी दोन्ही पाय जमिनीला टेकणे ही चैन नसते, जिवाची खात्री असते. म्हणून ओझेवाल्याला पुस्तकी उंची सांगण्यात अर्थ नाही. एका पायाचा चवडा टेकेल इतपत सीट वर घेतली तरी गुडघ्याला बराच आराम पडतो.

ही मापे घरी घेता येतात. टणक पाटावर जाड पुठ्ठा ठेवून, थोडे पुढे वाकून त्यावर मिनिटभर बसावे. दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतले अंतर मोजून त्यात दोन-अडीच सेंटिमीटर मिळवले की सीटची रुंदी आली. उंचीसाठी भिंतीला धरून सीटवर बसावे आणि पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवावी. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पॅडल मारताना तो आपोआप थोडा वाकलेला राहतो. सीट जमिनीशी समांतर असावी. नाक वर उचललेले तर मुळीच नको. सीटच्या नळीवर एक खूण कोरलेली असते, तिच्यापलीकडे नळी बाहेर काढू नये. एवढे करूनही बधिरपणा उतरत नसेल, लघवीत रक्त दिसत असेल किंवा मधुमेह असून गळू भरत नसेल, तर संकोच सोडून डॉक्टरांकडे जावे.

मला काळजी वाटते ती मुलींची. आपल्या राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. शाळा गावाबाहेर असलेल्या मुलीची शाळा त्यामुळे टिकते. फार चांगले काम आहे. पण लेडीज सायकल म्हणजे दांडा खाली वाकवलेली सायकल, एवढाच अर्थ आपण घेतो. स्त्रियांची बैठकीची हाडे पुरुषांपेक्षा सरासरीने अधिक लांब असतात, तेव्हा सीटही रुंद हवी. शिवाय आठवीत घेतलेली सायकल बारावीपर्यंत वापरायची. या चार वर्षांत मुलीची उंची वाढते, सीटची वाढत नाही. तिचे दुखले तर ती आईलाही सांगणार नाही. एखाद दिवशी सायकल घरी ठेवील, पुढे शाळाही बुडवू लागेल, आणि हजेरीपटावर त्याचे कारण कधीच लिहिले जाणार नाही.

यावरचा उपाय स्वस्त आहे. शाळेत मुलांची वजन-उंची मोजून वहीत लिहितात. त्याच दिवशी शिपायाच्या हाती एक पाना द्यावा आणि अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येक सायकलची सीट तिच्या धनिणीला बसवून नीट करावी. एका सायकलीला पाच मिनिटे पुरतात.